पडलेल्या सर्व्हरचा पंचनामा

सर्व्हर पडला की आधी हात चालतो, डोकं नंतर. रात्री अडीचला फोन वाजतो, डॅशबोर्डवर एक ठिपका लाल झालेला असतो. ऑन-कॉलवरचा माणूस अर्धवट झोपेत रिमोट कन्सोल उघडतो, स्क्रीनवर नुसती गिचमीड दिसते आणि तो पॉवर-सायकल मारून मोकळा होतो. चार मिनिटांत मशीन उठतं. तिकिटावर ‘रीबूटनंतर सुरळीत’ एवढं लिहून तिकीट बंद. नऊ दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा तेच मशीन.

त्या गिचमिडीतल्या चाळीसेक ओळी म्हणजे घटनास्थळ होतं आणि पंचनाम्याआधीच तिथे कुणीतरी झाडू मारला. मशीन पॅनिक होऊन (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कर्नल, न सावरता येणाऱ्या चुकीने थांबून) गोठलेलं असेल तर पहिलं काम एकच, कन्सोलचा स्क्रीनशॉट. वर सरकून गेलेल्या ओळी त्यात येत नाहीत, पण खालचा तुकडा तरी हाती लागतो. डाऊनटाइम त्याने अर्धा मिनिट वाढतो. तेवढं साहेबांना सांगता येतं.

लिनक्सवर त्या तुकड्यात ‘कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग’ अशी एक ओळ असते. यातल्या ‘नॉट सिंकिंग’कडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. मेमरीत साचलेला, डिस्कवर अजून न उतरलेला डेटा आता मी डिस्कवर लिहिणार नाही, असं कर्नल त्यातून सांगत असतो. ज्याचा स्वतःच्याच मेमरीवर भरवसा उरलेला नाही, त्याने डिस्कला हात लावला तर फाइल सिस्टिमचीही माती व्हायची. म्हणून तो जिथे आहे तिथेच थांबतो.

याचीच दुसरी बाजू अशी की लॉग लिहिणारी यंत्रणाही त्याच क्षणी थांबलेली असते. मशीन उठल्यावर लोक ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ मारून आधीच्या बूटचा कर्नल लॉग बघतात. तिथे २ वाजून ३१ मिनिटांपर्यंत सगळं आलबेल आणि पुढे कोरा कागद. मग तिकिटावर ‘लॉगमध्ये काहीही आढळले नाही’ हे वाक्य येतं, आणि वाचणारा त्यातून काही झालंच नव्हतं असा अर्थ काढतो. खरं तर जर्नल हा युजर-स्पेसमधला, म्हणजे कर्नलबाहेर चालणारा, एक साधा प्रोग्रॅम आहे. कर्नल मेल्यावर त्याने काय लिहायचं? व्हार-लॉगखाली ‘जर्नल’ नावाचं फोल्डर नसेल तर कित्येक मशीनवर आधीच्या बूटचा लॉगही रॅममध्येच राहतो आणि रीबूटबरोबर जातो. ‘लास्ट -एक्स’ मात्र चालवून बघावं. शटडाऊनची नोंद न होता मशीन उठलं असेल तर तिथे सेशनपुढे ‘क्रॅश’ असा शब्द येतो. निदान मशीन कुणी बंद केलं होतं की ते आपण होऊन पडलं, एवढा निकाल लागतो.

म्हणजे साक्षीदार आधीच बसवून ठेवावे लागतात. पडल्यानंतर काही बसवता येत नाही.

सगळ्यात स्वस्त साक्षीदार सीरियल कन्सोल, म्हणजे कर्नलचे संदेश सीरियल पोर्टवरही पाठवणं. बूट पॅरामीटरमध्ये ‘कन्सोल=टीटीवाय०’ आणि ‘कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८’ असे दोन्ही द्यायचे आणि सर्व्हरच्या मॅनेजमेंट चिपवरून (मशीनवर दुरून ताबा देणारी वेगळी चिप) सीरियल-ओव्हर-लॅन चालू करून त्याचा मजकूर दुसऱ्या मशीनवर साठवत राहायचं. काही बोर्डांवर ही वाट एस० ऐवजी एस१ वर असते, ते बायोसमध्ये बघून घ्यायचं. दुसरा साक्षीदार नेटकन्सोल. कर्नलचे संदेश तो यूडीपीने थेट नेटवर्कवर फेकतो, पाठवणारा पोर्ट ६६६५ आणि घेणारा ६६६६. इथे दोन चुका हमखास होतात. घेणारं मशीन दुसऱ्या सबनेटमध्ये असेल तर मॅक ॲड्रेस त्या मशीनचा नव्हे, गेटवेचा द्यावा लागतो. आणि कन्सोलची लॉग-पातळी कमी असेल तर अर्धे संदेश निघतच नाहीत, म्हणून ‘डीमेसेज -एन ८’. तिसरा पीस्टोअर. यूईएफआय (बायोसची नवी पिढी) असलेल्या मशीनवर कर्नल मरता मरता लॉगचं शेपूट फर्मवेअरच्या साठवणीत ठेवून जातो आणि पुढच्या बूटला सिस्टिमडी (लिनक्सवरच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) ते उचलून व्हार-लिब-सिस्टिमडी-पीस्टोअरमध्ये आणून ठेवतं. पुष्कळ मशीनवर हे आपसूक चालू असतं, फक्त तिथे जाऊन बघायचं कुणाच्या लक्षात येत नाही. २०२४च्या नोव्हेंबरात आलेल्या कर्नलच्या ६.१२ आवृत्तीपासून तर पॅनिकच्या स्क्रीनवर क्यूआर कोड दाखवायची सोयही आली. लॅपटॉपवाल्यांसाठी ती उत्तम, पण रॅकमधल्या सर्व्हरसमोर मोबाइल धरून उभा राहणार कोण?

खरा साक्षीदार केडम्प. त्याआधीच्या व्यवस्थांमध्ये मरणाऱ्या कर्नललाच स्वतःची मेमरी डिस्कवर उतरवायला सांगत. ज्याचं डोकं फुटलंय त्यालाच जबाब लिहायला बसवायचं, असा तो प्रकार. २००५च्या ऑगस्टमधल्या २.६.१३ आवृत्तीत केएक्झेक (एका कर्नलमधून थेट दुसऱ्यात उडी मारायची सोय) आणि केडम्प कर्नलमध्ये आले. केडम्पच्या कामात आयबीएमच्या भारतातल्या विवेक गोयल यांच्यासारख्या अभियंत्यांचा मोठा वाटा होता. कल्पना अशी की बूट होतानाच रॅमचा एक तुकडा बाजूला काढायचा आणि त्यात दुसरा, छोटा कर्नल आणून झोपवून ठेवायचा. पहिल्या कर्नलने त्या तुकड्याला कधीच हात लावायचा नाही. पहिला पडला की बायोसमधून न जाता उडी थेट दुसऱ्यात. पहिल्याची मेमरी तशीच शाबूत असते, दुसरा ती वाचून तिची फाइल, म्हणजे डम्प, बनवतो आणि मशीन रीबूट करतो.

तुकडा किती मोठा, हे ‘क्रॅशकर्नल’ पॅरामीटर ठरवतं. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये ठेवणीतलं गणित असं आहे: १ ते ४ जीबी रॅमला १९२ एमबी, ४ ते ६४ जीबीला २५६ एमबी आणि त्यापुढे ५१२ एमबी. साध्या मशीनला हे पुरतं. पण रेड (अनेक डिस्क एकत्र जोडणारं) कार्ड, दोन-चार फायबर चॅनल कार्डं आणि मोठ्या क्यू मागणारी नेटवर्क कार्डं असली की या सगळ्यांचे ड्रायव्हर त्या २५६ एमबीत उभे राहता राहता मेमरी संपते आणि दुसरा कर्नलही मरतो. बाहेरून दिसतं एवढंच की मशीन रीबूट झालं आणि व्हार-क्रॅश फोल्डर रिकामं. मग ‘केडम्प चालत नाही’ अशी ख्याती पसरते. ५१२ करून बघा, नाहीतर ७६८. पाचशे जीबीच्या मशीनवर तेवढ्याने कुणाचं काही अडत नाही.

फाइल किती मोठी, हाही प्रश्न असतोच. २५६ जीबीची रॅम जशीच्या तशी उतरवायची म्हटली तर सेकंदाला २०० एमबीच्या डिस्कवर बावीस मिनिटं जातात. डम्प गाळून लहान करणाऱ्या मेकडम्पफाइलला ‘-डी ३१’ सांगतात ते म्हणूनच. हा ३१ म्हणजे १, २, ४, ८ आणि १६ यांची बेरीज: शून्यांनी भरलेली पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे), कॅशची दोन प्रकारची पानं, युजर प्रोग्रॅमची पानं आणि मोकळी पानं, ही पाचही वगळायची. उरतो फक्त कर्नलचा स्वतःचा संसार, बहुतेकदा काही जीबींत मावणारा. डेटाबेसमधली ग्राहकांची माहितीही बरीचशी युजर पानांबरोबर आणि कॅशबरोबर गळून जाते. डम्प बाहेर कुणाला पाठवायचा असेल तर सुरक्षा विभागाला हे सांगावं, पण ‘काहीच राहत नाही’ असं मात्र सांगू नये. नेटवर्कचे बफर कर्नलचेच असतात.

केडम्प मध्येच तोडणारे दोन शत्रू आहेत, दोन्ही आपणच नेमलेले. पहिला हार्डवेअर वॉचडॉग. मशीन उत्तर देत नाही असं दिसलं की मॅनेजमेंट चिप ठरलेल्या वेळाने रीसेट मारते, मग डम्प चाळीस टक्क्यांवर असला तरी. दुसरा क्लस्टर, म्हणजे एकमेकांची जागा घेणाऱ्या मशीनांचा गट. एक नोड (गटातलं मशीन) गप्प झाला की क्लस्टर सांभाळणारा पेसमेकर त्याची वीज तोडतो, ते त्याचं कामच आहे. तिथे फेन्स-केडम्प लावलं की पडलेला नोड ‘मी डम्प काढतोय, थांबा’ असा निरोप धाडतो. तिसरी अडचण वेगळ्या जातीची. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर दुसरा कर्नल पासफ्रेज विचारून रिकाम्या खोलीत उत्तराची वाट बघत बसतो. अशा मशीनचा डम्प नेटवर्कवरून दुसरीकडे पाठवलेलाच बरा.

हाती लागलेलं वाचायचं कसं, ही पुढची आणि खरी गंमत. डम्पच्या फाइलच्या, म्हणजे व्हीएमकोरच्या, शेजारी ‘व्हीएमकोर-डीमेसेज’ नावाची एक साधी टेक्स्ट फाइल असते. निम्म्या प्रकरणांत तेवढी पुरते. ती उघडून लोक तळाशी जातात आणि शेवटचा ट्रेस (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं त्याची यादी) गूगलवर टाकतात. जायला हवं पहिल्या ऊप्सकडे, म्हणजे कर्नलने स्वतःच्या चुकीची केलेली पहिली नोंद. ऊप्सच्या ओळीत चौकटी कंसात ‘#१’ असा आकडा असतो. #२, #३ हे पहिल्याचे परिणाम. एका घरात सिलिंडर फुटला की शेजारच्या काचाही फुटतात, म्हणून काचवाल्याची चौकशी कुणी करत नाही. ऊप्स आणि पॅनिक यांतला फरक इथे लागतो. ऊप्समध्ये कर्नल त्या एका प्रोसेसला मारून लंगडत पुढे जाऊ शकतो. त्या प्रोसेसने एखादं लॉक धरलेलं असेल तर ते आता कधीच सुटणार नाही आणि मागे एकेक करत सगळे रांगेत अडकतील. ‘पॅनिक-ऑन-ऊप्स’ रेड हॅटवर १ असतं, उबुंटूवर ०. सर्व्हरवर १ च हवं असं आमचं स्पष्ट मत आहे. लंगडणारा डेटाबेस मेलेल्या डेटाबेसपेक्षा जास्त नुकसान करतो. त्याच्या जोडीला ‘कर्नल-पॅनिक’ १० ठेवावं, म्हणजे दहा सेकंदांनी मशीन आपोआप उठेल. ते ० असेल तर सकाळपर्यंत तसंच उभं.

एक ऊप्स जवळून बघू. ओळ म्हणते: नल पॉइंटर डीरेफरन्स, पत्ता पंधरा शून्यं आणि शेवटी ८. पत्ता नुसता शून्य नाही, ८ आहे, आणि तो ८ बोलका आहे. कुठल्या तरी स्ट्रक्चरचा, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्याचा, पॉइंटर (पत्ता) शून्य होता आणि कोडने त्या स्ट्रक्चरमधलं आठव्या बाइटवरचं खातं वाचायला घेतलं. पुढे ‘ऊप्स: ००००’. शेवटच्या शून्याचा अर्थ कर्नल-मोडमध्ये, वाचताना, आणि त्या पत्त्यावर पानच नव्हतं. ०००२ असतं तर लिहिताना. मग आरआयपीची (प्रोसेसर कुठल्या सूचनेवर होता ते सांगणाऱ्या रजिस्टरची) ओळ: फंक्शनचं नाव, अधिक ०एक्स१ए, तिरपी रेघ, ०एक्स९०. फंक्शन एकूण १४४ बाइटचं आणि आपण सव्विसाव्या बाइटवर पडलो. खाली ‘कोड’ या ओळीत दोन-दोन अक्षरांचे मणी ओवलेले असतात, त्यातला एक कोनी कंसात असतो. पडला तो तिथे. क्रॅश नावाच्या साधनात ‘डिस -आरएल’ देऊन तोच पत्ता टाकला की फंक्शनच्या सुरुवातीपासून त्या जागेपर्यंतचं असेंब्ली सोर्सच्या ओळींसकट समोर येतं. शेवटची सूचना ‘आरएएक्समध्ये जो पत्ता आहे त्यापुढचं ८ वं वाच’ अशी असते, वर रजिस्टरांच्या यादीत आरएएक्स शून्य दिसतो, आणि सीआर२ मध्ये, जिथे चुकलेला पत्ता नोंदला जातो, तोच ८. तीन साक्षी जुळल्या. आता प्रश्न एकच, आरएएक्स शून्य ठेवला कुणी. तो माग उलट्या दिशेने काढायचा असतो आणि त्यात कधी तास जातो, कधी आठवडा.

कॉल ट्रेस वरून खाली वाचला तर काळ मागे जातो. वरची ओळ सर्वांत ताजी. ज्या ओळींपुढे प्रश्नचिन्ह असतं त्या स्टॅकवर सापडलेले जुने पत्ते असतात, त्या वाटेने कोड गेलाच होता याची खात्री नाही. आरसीए (मूळ कारणाचा अहवाल) लिहिताना प्रश्नचिन्हाच्या ओळीवर सगळा इमला उभारलेले अहवाल कमी नसतात. आणि आरआयपीमधलं नाव म्हणजे गुन्हेगार, हीही घाई. प्रेत ज्याच्या अंगणात सापडलं तो खुनी असतोच असं नाही. मेमरी कुणा दुसऱ्यानेच आधी बिघडवलेली असते आणि हे बिचारं फंक्शन नंतर येऊन तिच्यावर पाय देतं. सगळ्यांची खाती बघणारे मेमरी-ॲलोकेटर नि लिस्टची फंक्शनं ट्रेसच्या टोकाला वारंवार दिसतात ती यामुळे.

बिघडलेल्या मेमरीची चव ओळखायला काही ठरावीक आकडे पाठ असावेत. पॉइंटर ‘डेड’ या अक्षरांनी सुरू होऊन शेवटी १०० किंवा १२२ असेल, तर लिस्टमधून काढून टाकलेल्या घटकाला कुणी पुन्हा हात लावला. हे विष कर्नल मुद्दाम पेरून ठेवतो. सगळीकडे ६बी ६बी ६बी दिसलं तर सोडून दिलेली मेमरी वापरली गेली. पण हे ६बी दिसायला बूटच्या वेळी ‘स्लब-डीबग’ चालू असावं लागतं. त्याने मशीन मंदावतं, म्हणून ते एका संशयित सर्व्हरवरच चालू करावं, सगळ्या ताफ्यावर नको.

आणि तिसरा आकडा, जो डोळ्यांना पटकन दिसत नाही. कर्नलचे पत्ते एफएफएफएफने सुरू होतात. लॉगमध्ये ‘जनरल प्रोटेक्शन फॉल्ट, बहुधा नॉन-कॅनॉनिकल पत्ता’ (प्रोसेसरच्या नियमात न बसणारा) अशी ओळ येते आणि पत्ता असतो एफएफएफबी८८८ असा काहीतरी. एफ म्हणजे ११११, बी म्हणजे १०११. एकच बिट पडलाय. सॉफ्टवेअरची चूक इतकी नाजूक सहसा नसते, ती आठ बाइट तरी फिसकटवते. सगळा पत्ता बरोबर आणि एकच बिट उलटा म्हटलं की स्क्रूड्रायव्हर शोधायला घ्यावा. त्याच मशीनवर दर वेळी वेगळ्या फंक्शनात क्रॅश आणि शेजारची वीस मशीनं त्याच कर्नलवर मजेत चालू, हीही त्याच रोगाची खूण. उलट, वीसही मशीनं एकाच फंक्शनात पडत असतील तर रॅमला बोल लावू नका.

सर्व्हरच्या रॅममधली ईसीसी एक बिट उलटला तर दुरुस्त करते, दोन उलटले तर ओळखते पण दुरुस्त करू शकत नाही. दुरुस्त झालेल्यांची मोजणी ईडॅकच्या (कर्नलमधला मेमरीच्या चुका मोजणारा भाग) ‘सीई-काउंट’मध्ये, न झालेल्यांची ‘यूई-काउंट’मध्ये. रासडीमन (अशा चुका नोंदवणारी सेवा) चालू असेल तर ‘रास-एमसी-सीटीएल’ कुठल्या स्लॉटची स्टिक ते सांगतो. २००९ मध्ये गूगलच्या मशीनांवर टोरांटो विद्यापीठासोबत झालेल्या अभ्यासात वर्षाला आठ टक्क्यांहून जास्त स्टिकांवर दुरुस्त होणाऱ्या चुका दिसल्या होत्या, आणि एकदा चूक दिसलेल्या स्टिकवर पुन्हा दिसण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. तेव्हा सीई वाढतोय पण मशीन चालू आहे म्हणून सोडून देणं म्हणजे घराला गेलेला तडा कॅलेंडर टांगून झाकणं. स्टिक बदलण्याआधी एक साधा प्रयोग करावा. संशयित स्टिक ए१ मधून काढून बी१ मध्ये, बी१ ची ए१ मध्ये, दोन्हींवर मार्करने खूण. चूक स्टिकबरोबर गेली तर स्टिक खराब. ए१ लाच चिकटून राहिली तर स्लॉट, बोर्ड किंवा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर. या प्रयोगाला वीस मिनिटं लागतात आणि चुकीचा भाग मागवण्यातले चार दिवस वाचतात.

प्रोसेसरच तक्रार करतो तेव्हा ओळ ‘मशीन चेक एक्सेप्शन’ची असते, तीत बँक नंबर आणि सोळा अक्षरांचा एक स्टेटस. त्यातली पहिली दोनच अक्षरं आधी सोडवावीत. समजा ‘बीई’ आहे, म्हणजे १०११ १११०. इंटेलच्या प्रोसेसरवर डावीकडून: नोंद वैध, ओव्हरफ्लो नाही, चूक दुरुस्त झाली नाही, रिपोर्टिंग चालू, जादा माहिती आहे, पत्ता आहे, आणि प्रोसेसरची स्वतःची अवस्था बिघडली. शेवटचा मुद्दा आला की पॅनिकशिवाय गत्यंतर नसतं. हे वाचून झाल्यावर कर्नलच्या आवृत्तीवर वाद घालण्यात अर्थ नाही.

आणि कुठल्याच साक्षीदाराकडे काही नसेल, ना पॅनिक, ना डम्प, ना सीरियलवर एक अक्षर, मशीन थेट पहिल्या बूटच्या स्क्रीनवरच, तर संशय वीज, तापमान किंवा बोर्डावर. ‘आयपीएमआयटूल सेल ईलिस्ट’ने मॅनेजमेंट चिपची डायरी वाचावी. आपल्याकडे इथे एक हमखास फसगत होते. चिपचं घड्याळ बहुतेकदा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, सर्व्हर भारतीय वेळेवर. चिप म्हणते पॉवर सप्लायचा इनपुट गेला रात्री ९ वाजून १ मिनिटाने, सर्व्हर पडला २ वाजून ३१ मिनिटांनी. दोन वेगळ्या घटना म्हणून पहिली बाजूला ठेवली जाते. साडेपाच तास मिळवले की दोन्ही एकच.

क्रॅश किती वेळाने होतो हाही पुरावाच. कर्नल २.६.३२च्या काळातले बरेच सर्व्हर सलग २०८ दिवस चालले की पडत. आकडा नीट मोजला तर दोनशे साडेआठ दिवस. प्रोसेसरच्या टिक्सचे नॅनोसेकंद करताना कर्नल एका संख्येला आधी गुणायचा आणि मग १०२४ ने भागायचा. गुणाकार ६४ बिटांत मावेनासा होई तो क्षण २ चा ५४ वा घात इतक्या नॅनोसेकंदांनी, म्हणजे १,८०,१४,३९८ सेकंदांनी येतो. त्याला ८६,४०० ने भागा, २०८.५. ‘आमचा सर्व्हर दोनशे दिवस बंद नाही’ हा ज्यांचा अभिमान होता तेच यात सापडले, दर महिन्याला पॅच करून रीबूट करणाऱ्यांना हा बग दिसलाच नाही. आणि ज्या दिवशी सगळा ताफा एकत्र चालू केला असेल, त्यानंतर २०८ दिवसांनी सगळा ताफा एकत्र. कर्नल लिहिणारेही अशा घड्याळांना ओळखून आहेत. कर्नलचे टिक मोजणारा जिफीज नावाचा काउंटर शून्यापासून सुरू होत नाही, ३२ बिटांत तो भरून उलटायला बरोबर पाच मिनिटं कमी असताना सुरू होतो. म्हणजे उलटल्यावर मोडणारा कोड बूटनंतर पाच मिनिटांत, टेबलावरच मोडेल, ग्राहकाकडे पन्नास दिवसांनी नाही. दूरदृष्टी म्हणतात ती अशी.

तेव्हा क्रॅशच्या वेळा एका कागदावर मांडाव्यात, शेजारी अपटाइम. अपटाइम सारखा येत असेल तर काउंटर. घड्याळातली वेळ सारखी असेल तर बॅकअप, स्नॅपशॉट किंवा क्रॉन. २०१२च्या लीप सेकंदाने (घड्याळात घातलेल्या जादा सेकंदाने) जगभरच्या लिनक्स मशीनांचे प्रोसेसर भडकले तेव्हा भारतात रविवार, १ जुलैची पहाटेची साडेपाचची वेळ होती. ते लक्षात यायला घड्याळ पुरलं, डम्पची गरज पडली नाही. तारीख पुन्हा तीच सेट करणारी एक कमांड दिली की मशीनं शांत होत.

सॉफ्ट लॉकअप हा वेगळा जीव. वीस सेकंद एका सीपीयूवर दुसऱ्या कुणाला संधी मिळाली नाही की ‘सीपीयू#३ स्टक फॉर २२एस’ अशी ओळ येते. खऱ्या मशीनवर ती गांभीर्याने घ्यावी. व्हर्च्युअल मशीनवर मात्र आधी हायपरवायजरकडे, म्हणजे ती मशीनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, बघावं. स्नॅपशॉटसाठी किंवा दुसऱ्या होस्टवर हलवताना त्या मशीनला गोठवून ठेवलेलं असतं, आणि जागं झाल्यावर त्याला वाटतं आपलाच सीपीयू अडकला होता. आकडा ६७ किंवा ९० सेकंद असा भलताच मोठा असेल आणि एकाच होस्टवरची चार व्हीएम एकाच मिनिटाला हेच म्हणत असतील, तर गेस्टच्या कर्नलमध्ये डोकं घालू नका. ‘टास्क ब्लॉक्ड फॉर मोर दॅन १२० सेकंद्स’ ही ओळही अशीच बदनाम. ती क्रॅश नाही, तक्रार आहे, आणि बहुतेक वेळा स्टोरेजबद्दलची.

पॅच केल्यावर लगेच उठताना ‘अननोन-ब्लॉक (०,०)’ वर पॅनिक आला तर त्यात गूढ काही नाही. बूट पार्टिशन भरलं होतं, नव्या कर्नलचं इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) अर्धवट बनलं. ग्रबमधून (बूटच्या मेनूमधून) जुना कर्नल निवडा, जागा मोकळी करा, ड्राकट किंवा अपडेट-इनिटरॅमएफएस पुन्हा चालवा, संपलं.

बाहेरच्या मॉड्यूलांबद्दल, म्हणजे कर्नलमध्ये नंतर घातलेल्या ड्रायव्हरसारख्या तुकड्यांबद्दल, थोडं. ट्रेसमध्ये ‘टेन्टेड’ (डागाळलेला) या शब्दापुढे अक्षरं असतात. प्रोक-सिस-कर्नल-टेन्टेडमधला आकडा त्यांचीच बेरीज: पी म्हणजे बंद सोर्सचा, १, ओ म्हणजे कर्नलच्या बाहेर बनलेला, ४०९६, ई म्हणजे सही नसलेला, ८१९२. तिन्ही मिळून १२२८९, आणि ग्राफिक्स कार्ड, बॅकअप एजंट किंवा अँटिव्हायरस असलेल्या मशीनवर हा आकडा अनोळखी नाही. टेन्टेड आहे म्हणजे तोच दोषी असं नव्हे. पण आधी ते मॉड्यूल काढून क्रॅश पुन्हा होतो का ते बघा, नाहीतर डिस्ट्रिब्युशनवाले पहिल्याच उत्तरात तेच सांगतील. कर्नलमध्ये शिरलेला पाहुणा काय करू शकतो ते १९ जुलै २०२४ ला विंडोजवर जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइकने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक फाइल सोडली, १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. नियमाला २१ खाती हवी होती, हातात होती २०, एकविसावं वाचायला गेलेला ड्रायव्हर हद्दीबाहेर गेला. अठ्ठ्याहत्तर मिनिटांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, ८५ लाख मशीनं निळ्या पडद्यावर. फाइल मागे घेतली तरी जी मशीनं बूटमध्येच पडत होती, त्यांच्यापैकी बहुतेकांपाशी माणसाला जाऊन सेफ मोडमध्ये ती खोडावी लागली.

शेवटी उरते ती रंगीत तालीम. केडम्प सर्व्हिस हिरवी दिसते म्हणून तो चालेलच असं नाही, आणि नवा सर्व्हर ग्राहकाच्या हाती देण्याआधी तो एकदा मुद्दाम पाडणं हाच त्याला तपासायचा मार्ग. सिस-कर्नलमधलं ‘केएक्झेक-क्रॅश-लोडेड’ १ आहे का बघा. ॲप्लिकेशन बंद करा, दोनदा ‘सिंक’ द्या. सीरियल कन्सोल दुसऱ्या खिडकीत उघडा ठेवा. मग रूट म्हणून ‘सी’ हे एक अक्षर प्रोकखालच्या सिसआरक्यू-ट्रिगरमध्ये लिहा. कीबोर्डवरच्या सिसआरक्यूला (कर्नलला थेट आज्ञा देणाऱ्या कळीला) जी बंधनं असतात ती या वाटेला लागू नाहीत, म्हणून बोट दाबण्याआधी होस्टनेम दोनदा वाचा.

एसएसएच जागच्या जागी गोठतं. कन्सोलवर पॅनिकची ओळ, सेकंदभर शांतता, मग दुसऱ्या कर्नलच्या बूटच्या ओळी, मग टक्के. घड्याळ लावून बघा किती वेळ लागतो आणि वॉचडॉगची मुदत त्याहून जास्त आहे का. मशीन उठल्यावर व्हार-क्रॅशमध्ये तारखेचं फोल्डर असेल. ‘यूनेम -आर’शी तंतोतंत जुळणारं डीबगइन्फो पॅकेज (त्या कर्नलमधल्या नावांची नि सोर्सच्या ओळींची माहिती) आत्ताच उतरवून ठेवा, सहा महिन्यांनी ते रिपॉझिटरीत सापडेलच असं नाही. मग त्यातलं व्हीएमलिनक्स आणि हा व्हीएमकोर क्रॅशला द्या. पहिल्या पानावर अपटाइम, लोड, मेमरी, पॅनिकचं कारण, आणि त्याखाली कुठल्या प्रोसेसच्या हातून पडलं त्याची नोंद. कमांड: बॅश.